भुलाबाईच्या मखराला धांडा हवा

भुलाबाईला कुणी एक कलावंत नाही. मातीच्या दोन मूर्ती, त्यांच्यावर ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर, टिपऱ्या आणि आठ-दहा पोरींचे गळे, एवढ्यावर वर्धा जिल्ह्यातली गावं पिढ्यान्‌पिढ्या दर आश्विनात एक कलाकृती उभी करत आली आणि कोजागिरीनंतर निरोप देत आली. आपण तिला सण म्हणतो, परंपरा म्हणतो, बायकापोरींचा खेळ म्हणतो. कला म्हणायला मात्र कचरतो. माझ्या मते ती पूर्ण अर्थाने कला आहे आणि तिच्या कर्त्यांमध्ये ज्वारीचं नाव पहिलं घ्यायला हवं.

धांडा ही मखराची नुसती सामग्री नव्हे. खरिपाची ज्वारी आश्विनात निसवलेली असते, कणसात दाणा भरत आलेला असतो. कोजागिरीच्या दिवशी कणसांसकट पाच उंच धांडे आणायचे, बुडखे पसरून रोवायचे, शेंडे एकत्र बांधायचे. भारानं कणसं खाली झुकतात आणि मखराला झालर येते. ती झालर कुणी आखलेली नसते. पाऊस बरा झाला तर ती जड, ओढ दिली तर विरळ. भुलोजी-भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती, पण त्या रात्री ते बसतात गावच्या शिवारात, त्या वर्षीच्या पिकाखाली.

आवाजाचंही तसंच. गाणी सासर-माहेरची, एका ओळीला पुढची ओळ जोडत लांबत जाणारी, त्यामुळे नुकती बोलायला लागलेली पोरगीही शेवटचा शब्द उचलून सामील होते. गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा. फुटाणे वेगळे वाजतात, शेंगदाणे वेगळे, आणि शिरा वाजतच नाही. ज्या घरची खिरापत ओळखू येत नाही ते घर जिंकतं. धान्य आवाजावरून ओळखण्याचं इतकं बारीक शिक्षण शाळेत कुठे मिळतं?

वनस्पतींचा आवाज ऐकण्याला इतरत्र मात्र कला म्हटलं गेलं. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांनी 1975 मध्ये वनस्पतींवर वाजवायची एक रचना केली. वादकाने निवडुंगाच्या काट्यांवर टिचक्या मारायच्या, वाळलेली शेंग खुळखुळवायची. सूर लिहिलेले नाहीत, फक्त नियम दिलेले. आज जगभरच्या कलादालनांत झाडाच्या पानांना इलेक्ट्रोड लावून त्यातल्या विद्युतबदलांचे सूर काढले जातात. हे प्रयोग मला मनापासून आवडतात. पण तिथे झाडाला दालनात आणावं लागतं आणि प्रेक्षक खुर्चीत बसतो. भुलाबाईत बघायला म्हणून कुणी येतच नाही. जी आली तिच्या हातात टिपरी असते.

गावच्या साध्या सामग्रीतूनही कला घडते, ही समज आपल्याकडे थेट मांडली गेली ती आधी याच परिसरात. 1936 मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथल्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीतच झाडं आणि चरखा उठवला. त्याच वर्षी डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारखी साधी गावठी सामग्री घेऊन अधिवेशनाचं नगर सजवलं. राष्ट्रीय कलेच्या इतिहासात फैजपूरला मान आहे, तो योग्यच आहे. मात्र तिथे शांतिनिकेतनातून मोठा चित्रकार बोलावला होता. भुलाबाईच्या मखराला बोलावणं लागलं नाही, म्हणून त्या इतिहासात तिची नोंदही नाही.

आता धांडाच मिळेनासा झाला आहे. आधी तो आखूड झाला: ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 मध्ये आला. तो गावरान ज्वारीपेक्षा बुटका होता. पुढे सोयाबीन पसरलं आणि ज्वारी शिवारातूनच मागे हटली. यात शेतकऱ्याला दोष देणं अन्यायाचं होईल. सोयाबीन लवकर हाती येतं आणि रोख पैसा देतं. शिवाय ज्वारी एकट्यानं पेरता येत नाही. सगळ्या गावाची असते तेव्हा पाखरं वाटली जातात, एकाच वावरात असली की सगळे थवे तिथेच उतरतात आणि रात्री रानडुकरं घुसतात. मचाणावरचे हाकारे, गोफण, टिनाच्या डब्याची बडवाबडवी हा शिवाराचा जुना आवाजही ज्वारीबरोबरच गेला. सोयाबीन काढल्यावर मागे उरतं ते कुटार, म्हणजे भुसा. त्याचा मखर बांधता येत नाही.

वर्ध्यालगतचं सावंगी (मेघे)च घ्या. ते आज ओळखलं जातं ते वैद्यकीय महाविद्यालयासाठी आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासाठी. वर्धा शहर वाढत वाढत तिथवर आलं, शेताच्या जागी प्लॉट पडले. अशा वस्तीत भुलाबाई बसवायची तर मखराला ऊस नाहीतर थर्माकोल शोधावा लागतो. शहरांत भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा भरतात, मोबाइलवर गाणी साठवली जातात. ते काम मोलाचं आहे, पण ते अर्धं आहे. गाणं जपलं आणि पीक गेलं तर उरतो तो समूहगीतांचा कार्यक्रम.

म्हणून माझं मागणं सांस्कृतिक खात्याकडे नाही, पेरणाऱ्यांकडे आहे. ज्यांच्याकडे मोकळी जमीन आहे अशा शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं, आश्रम यांनी मृगाच्या पावसावर गावरान उंच ज्वारीचे दोन-चार ओळी टाकाव्यात. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीबरोबर ज्वारीही पेरायची रीत इथे होतीच, ती ज्यांना जमेल त्यांनी धुऱ्याच्या कडेनं पुन्हा धरावी. एकट्यानं नको, शेजारच्या पाच-सहा जणांनी मिळून, म्हणजे पाखरांचा भार वाटला जाईल. राखणीला पोरींना आणि पोरांनाही बसवावं. कोजागिरीला हवे तेवढे धांडे मखरासाठी द्यावेत, बाकी कणसं खुडून पुढच्या मृगासाठी बी ठेवावं आणि कडबा ज्याच्या दारात गाय आहे त्याला द्यावा.