नाव आणि नाममुद्रा

हदगावच्या एका पदवीधर तरुणाची नि आमची मध्यंतरी भेट झाली. पुण्यात नोकरी मिळावी म्हणून त्याची धडपड चालली होती. 'स्वतःचा ब्रँड निर्माण करा, नाहीतर तुम्हांला कोणी विचारणार नाही' असे त्याला एका शिबिरात सांगण्यात आले होते. त्याप्रमाणे लिंक्डइनवर त्याने आपली ओळख लिहिली होती. 'दूरदर्शी नेतृत्व', 'परिवर्तनाचा शिल्पकार' असे शब्द तिच्यात होते. मोबाइल आमच्या हाती देताना तोच ओशाळला. म्हणाला, "सर, हा मी नाही. पण जसा आहे तसं लिहिलं, तर मला घेणार कोण?"

'बाळ, नम्र राहा' हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. पण विचार करता आमचीच आम्हांला लाज वाटली. ज्याचा काका कचेरीत साहेब असतो, त्याला स्वतःविषयी काही सांगावे लागत नाही; त्याच्यासाठी दुसरेच बोलतात. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याने आपले गुण आपणच सांगितले तर तो गर्व कसा? त्याला नम्रतेचा उपदेश करणे आपल्याला सोपे आहे, कारण त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनात या बाबतीत दोन गोष्टी शेजारीशेजारी येतात. दिवा मापाखाली झाकू नये, तो दिवठणीवर ठेवावा, ही एक. दानधर्म करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही दुसरी. मग दिसावे की लपावे? विसंगती वरवरची आहे. दिवठणीवरचा दिवा 'मला पाहा' म्हणत नाही. त्याच्या उजेडात घरातली माणसे एकमेकांना दिसतात, सांडलेले दाणे दिसतात. प्रश्न उंचीचा नाही, उजेड कोणासाठी आहे याचा आहे.

हदगाव परिसरातील शेतकऱ्याला हे हळदीच्या भाषेत सांगता येईल. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. त्यात खोटे काही नाही. वरची खरबरीत साल झडते आणि आत जे आहे ते दिसू लागते. पण कोणी तिला पिवळा रासायनिक रंग चोपडला, तर ती भेसळ होते. मोंढ्यातला जाणता खरेदीदार वरच्या झळाळीवर भाव ठरवत नाही. तो हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. आपली ओळख नीटनेटकी मांडणे हे पॉलिश. जे आपल्यात नाही ते लिहिणे हा रंग. माणसाचेही हळकुंड कधी ना कधी मोडले जाते.

'ब्रँड' हा शब्द मुळात डागण्याशी निगडित आहे. आपल्याकडे जनावरांना डाग देत, तशीच खूण पाश्चात्त्य देशांत गुरांवर तापल्या लोखंडाने उमटवीत. त्या खुणेवरून मालक ओळखू येई. पुढे तो शब्द मालावर आला आणि 1997 साली अमेरिकेत टॉम पीटर्स यांनी एका गाजलेल्या लेखातून तो माणसावर आणला. प्रत्येकाने स्वतःला एक ब्रँड समजावे, असे त्यांचे सांगणे होते. सावधपणा हवा तो इथे. माल बाजारासाठीच घडवलेला असतो. माणूस तसा नसतो. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळाला नावाने हाक मारली जाते, तेव्हा त्याच्या गाठी कोणतेच कर्तृत्व नसते. आपले मोल कमावण्याआधीच आपल्याला मिळालेले आहे. हे विसरलेला माणूस प्रत्येक नकाराने खचतो, कारण नाकारला गेलेला अर्ज त्याला स्वतःचाच नकार वाटतो.

व्यंकटेश खेडगीकर नावाच्या शिक्षकाने संन्यास घेताना आपले नाव टाकले आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. नाव टाकले म्हणून त्यांनी कार्य झाकून ठेवले नाही. निजामी राजवटीविरुद्ध ते उघडपणे उभे राहिले, बोलले, तुरुंगात गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते होते. 1994 साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले, ते त्यांच्या नावाने. स्वतःसाठी नाव न जमवणाऱ्या माणसाचे नाव आज मराठवाड्यातील हजारो मुलांच्या पदवीपत्रांवर छापलेले आहे. त्या तरुणाच्याही.

आम्ही दोघांनी मिळून ती ओळख पुन्हा लिहिली. 'तीन हंगाम घरच्या हळदीच्या विक्रीचा हिशेब संगणकावर ठेवला. आडतीच्या पट्टीतील चूक दोनदा शोधून दुरुस्त करून घेतली. इंग्रजी बोलताना अडखळतो, शिकतो आहे.' शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी त्यानेच ते ठेवले.

ती नोकरी त्याला मिळाली नाही. पुढच्या अर्जातही त्याने ते वाक्य तसेच ठेवले आहे. सिद्ध झाले असे यातून काहीच नाही. मात्र मोबाइल दाखवताना आता तो ओशाळत नाही. आपल्या मुलांना स्वतःविषयी बोलायला आपण जरूर शिकवू या. त्यासोबत, हळकुंड मोडले जाईल तेव्हा आत रंग असावा, एवढीही काळजी घेऊ या.