दिसले म्हणण्यापूर्वी

बजाजनगरात खऱ्या अर्थाने रात्र होतच नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग लहानमोठे उद्योग आले आणि शेतशिवाराच्या जागी तीन पाळ्यांत जागणारी वसाहत उभी राहिली. दुसऱ्या पाळीची माणसे घरी परततात तेव्हा तिसऱ्या पाळीची माणसे डबे घेऊन बाहेर पडत असतात. कारखान्यांच्या आवारांतील दिव्यांमुळे येथील आकाश पिवळट करडे दिसते. निरभ्र रात्रीही मोजकेच तारे नजरेस पडतात. येथे वस्तीला आलेल्या अनेक कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना, मृगातील तिकांडे कोठे आले हे पाहून रात्र किती उरली ते सांगता येत असे. त्यांच्या नातवंडांना आता तिकांडे हा शब्दही ओळखीचा राहिलेला नाही.

अशा या वसाहतीत, पन्नाशी ओलांडल्यावर, आम्ही एका आकाशनिरीक्षण मंडळाचे सभासद झालो. त्याला निमित्त घडले ते असे. नाताळच्या आधी गोठ्यावर कागदी तारा टांगीत असताना एका मुलाने विचारले, "फादर, खरा ध्रुवतारा कोठे असतो?" आम्ही उत्तरेकडे कोठेतरी बोट केले आणि दोरी नीट बांधावयास सांगून विषय बदलला. मुलाचे समाधान झाले. आमचे झाले नाही. आम्हांला ध्रुव ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही असे म्हणावयास जीभ वळली नव्हती.

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या दिवसांत, १९८५ च्या सुमारास, उभे राहिले. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही एमजीएम संस्थेचे खगोल व अंतराळ विज्ञान केंद्र आहे. आम्ही ज्यांच्यात सामील झालो तो मेळा या सर्वांहून पुष्कळ लहान होता. कारखान्यांतील काही तंत्रज्ञ, दोन शिक्षिका, एक औषधविक्रेते आणि यांपैकी काहींची मुले, एवढाच तो परिवार. अमावास्येच्या जवळचा शनिवार गाठून ही मंडळी दौलताबाद, खुलताबाद मागे टाकीत म्हैसमाळच्या पठारावर जातात. नवागतास त्यांचे सांगणे साधे असते. दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखा, मग साधी द्विनेत्री वापरा. अंगावर उबदार कपडे असावेत, विजेरीवर तांबडा कागद लावावा आणि सोबत एक वही असावी.

पौषातील त्या पहिल्या रात्री आकाश पाहून आम्ही काही काळ निःशब्द झालो. मग मंडळातील एका तरुणाने, जो दिवसा यंत्रावर सुटे भाग कातण्याचे काम करतो, शर्मिष्ठेच्या ताऱ्यांवरून रेघ ओढावी तसे बोट फिरवून देवयानी दीर्घिकेची जागा दाखविली. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, आणि दुर्बिणीविना डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत इतकी दूरची गोष्ट क्वचितच दुसरी असेल. "तेथे धुरकट ठिपका आहे. दिसला का, फादर?" आम्ही पाहिले. तेथे काळोखाखेरीज काही नव्हते. आमच्या मागे चारपाच माणसे उभी होती. आम्ही म्हणालो, "हो, हो, दिसला."

आमच्यानंतर औषधविक्रेत्यांची दहा वर्षांची मुलगी पुढे आली. तिने बराच वेळ पाहिले आणि सरळ सांगितले, "मला नाही दिसत, दादा." तो तरुण तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्याने तिला समजाविले, की डोळे अंधाराला पुरते सरावावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. मघाशी गाडीचा दिवा डोळ्यांवर आला असेल तर पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागते. शिवाय मंद वस्तूकडे रोखून पाहू नये. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी शंकूपेशी दाटलेल्या असतात. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी त्याच्या सभोवती असतात. म्हणून नजर किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे ठिपका आपोआप उमटतो. पंधरा मिनिटांनी ती मुलगी ओरडली, "दिसला! ढगासारखा आहे!" इराणी निरीक्षक अल् सूफी यांनी दहाव्या शतकात हीच वस्तू लहानसा ढग म्हणून नोंदविली होती, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते.

आम्ही मात्र बाजूला उभे होतो. ते सारे समजावणे आम्हांलाही हवे होते, परंतु ते मागण्याचा अधिकार आम्ही एका शब्दाने गमावला होता. रविवारच्या सकाळच्या मिस्सेसाठी वेळेवर परतावयाचे म्हणून आम्ही लवकर निघालो. देवयानी आम्हांला दिसली नाही ती नाहीच.

घरी आल्यावर मनात प्रश्न उरला, की आम्ही जे बोललो ते असत्य होते काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. गुरुविद्यालयात नीतिशास्त्र शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांनी केलेले असत्याचे तीन भेद पाठ केले होते: गमतीखातर बोललेले, कुणाच्या सोयीखातर बोललेले आणि अपाय करण्याच्या हेतूने बोललेले. आमच्या त्या उद्गारात गंमत नव्हती, अपायही नव्हता. सोय म्हणावी तर ती कुणाची? त्या तरुणाचे मन मोडू नये म्हणून आम्ही तसे बोललो, असे स्वतःला समजाविण्याचा यत्न आम्ही करून पाहिला. परंतु ती मुलगी "नाही दिसत" म्हणाली तेव्हा त्याचे मन मुळीच मोडले नव्हते. उलट त्याचा चेहरा खुलला होता. शिकविणाऱ्याला काम मिळाले होते. तेव्हा सोय होती ती केवळ आमच्या प्रतिष्ठेची. भीड ही भिकेची बहीण, असे आपली मराठी सांगते. भिडेपोटी आम्ही दिसण्याचे सोंग केले आणि दर्शनाला मुकलो.

सोंगाचा हा मोह फार जुना असावा. विवाहविधीत वधूला अरुंधतीचा तारा दाखविण्याची प्रथा आपल्या समाजात आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाच्या शेजारचा हा मंद तारा पुष्कळदा भर दिवसा, मांडवात उभे राहून दाखविला जातो आणि वधूवर मान डोलावतात. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचा अंत जवळ आला, अशीही एक समजूत आहे. अशा वेळी "दिसत नाही" असे कोण म्हणेल? तरीही याच ताऱ्यावरून आपल्या शास्त्रकारांनी अध्यापनाचा एक सुंदर न्याय घडविला. अरुंधती एकदम दिसत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, तो दिसला की मग म्हणावे, ही नव्हे, हिच्या शेजारची ती. पण या न्यायाला एक अट आहे. प्रत्येक पायरीवर शिष्याने खरे सांगितले पाहिजे. ठळक तारा दिसला नसताना तो "दिसला" म्हणाला, तर गुरू पुढच्या ताऱ्याकडे वळतो आणि शिष्य मागच्याच अंधारात राहतो.

कोणी म्हणेल, नवख्याने विश्वास ठेवावयास नको काय? ठेवावयासच हवा. ताऱ्यांचा नकाशा हाती घेताना तो कुणीतरी प्रामाणिकपणे काढला आहे असे गृहीत धरावेच लागते. परंतु विश्वास ठेवणे वेगळे आणि दिसल्याचे सांगणे वेगळे. "तुम्ही म्हणता तेथे ते असेल, मला अजून दिसत नाही, पुन्हा पाहतो", हे विश्वासाचे बोलणे आहे. "दिसले" हे साक्षीचे बोलणे आहे, आणि साक्ष उसनी घेता येत नाही. प्रेषित थोमाला आपण संशयी म्हणून नावे ठेवतो. पण त्याने न पाहिलेले पाहिले असे सांगितले नाही, आणि इतर शिष्यांनीही त्याला घराबाहेर काढले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता.

या संदर्भात आम्हांला येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाविउस यांचे स्मरण होते. १५८२ च्या पंचांगसुधारणेत त्यांचा मोठा वाटा होता. १६१० च्या वसंतात गॅलिलिओने गुरूभोवती चार चंद्र फिरतात असे प्रसिद्ध केले तेव्हा क्लाविउस बहात्तर वर्षांचे होते. प्रथम त्यांनी ते मानले नाही. मग अधिक चांगली दुर्बीण मिळाल्यावर रोममधील महाविद्यालयात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः निरीक्षण केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गॅलिलिओला चंद्र दिसल्याचे पत्राने कळविले. १६११ च्या एप्रिलात कार्डिनल बेलार्मिन यांनी विचारणा केली तेव्हाही या गणितज्ञांनी निरीक्षणांना दुजोरा दिला. मात्र चंद्राचा पृष्ठभाग खरोखरच उंचसखल आहे हे क्लाविउस यांना पटलेले नाही, हा मतभेद त्यांनी उत्तरात लपविला नाही. त्या एका मुद्द्यावर वृद्ध क्लाविउस चुकले होते. पण त्यांचे "नाही" प्रामाणिक होते, म्हणूनच त्यांच्या "होय" ला किंमत आली. पुढे १६३३ साली गॅलिलिओवर जो निकाल लादला गेला त्याची चूक १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघडपणे मान्य केली. दिसलेले नाकारण्याचा दोष न दिसलेले दिसले म्हणण्याच्या दोषाहून लहान नाही, हे आम्हा धर्मसेवकांनी विसरू नये.

एवढ्यावर विषय संपत नाही, कारण प्रामाणिक डोळाही फसतो. १८७७ मध्ये इटलीतील शियापारेल्ली यांनी मंगळावर सरळ रेषा नोंदविल्या. अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यांना बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे ठरविले आणि वर्षानुवर्षे त्यांचे नकाशे काढले. ते खोटे बोलत नव्हते. मनाने अपेक्षिलेले त्यांना दिसत होते. त्यांच्याच काळी इतर निरीक्षकांना ते कालवे दिसत नव्हते. १९६५ साली मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे पाठविली, त्यांत कालव्यांचा मागमूस नव्हता. म्हणजे मनुष्याने स्वतःशी खरे असणे पुरेसे नाही. आपल्या पाहण्याला पडताळणारे दुसरे डोळेही हवेत. मंडळाचे सभासदत्व याचसाठी घ्यावयाचे. नुसते तारे तर एकट्यानेही पाहता येतात.

त्या तरुणाने नवागतांना वहीत रकाने आखावयास सांगितले होते: दिनांक, वेळ, स्थळ, आकाशाची स्थिती, साधन आणि शेवटी काय दिसले. शेवटच्या रकान्यात "दिसले नाही" ही नोंदही तितकीच मोलाची असते. रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे तेज कमीअधिक होणाऱ्या ताऱ्यांचे, निरीक्षण करणारे हौशी लोक तारा दिसला नाही तर तसे लिहितात आणि त्या वेळी दिसलेला सर्वांत मंद तारा कोणत्या प्रतीचा होता तेही नमूद करतात. अशा नोंदींनी विज्ञानाला हातभार लागतो. बंगालमधील जेसोरचे राधागोविंद चंद्र हे खजिन्यातील साधे कारकून होते. मॅट्रिकची परीक्षाही त्यांना उत्तीर्ण होता आली नव्हती. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे केली आणि ती अमेरिकेतील निरीक्षक संघटनेने स्वीकारली. त्यांच्या पदव्या कोणी विचारल्या नाहीत. त्यांच्या नोंदी भरवशाच्या होत्या, एवढे पुरले.

माघात आम्ही पुन्हा म्हैसमाळला गेलो. देवयानी आता वायव्येकडे कलली होती. तो तरुण सहज म्हणाला, "फादर, तुम्ही तर मागेच पाहिली आहे." आम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितले, की मागे आम्हांला काही दिसले नव्हते. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग हसून म्हणाला, "पहिल्या दिवशी मीही तसाच म्हणालो होतो. कामावर नवीन असतानाही माप न समजता समजले म्हणालो होतो. तेव्हा मात्र सुटे भाग वाया गेले." मग त्याने आम्हांला त्या मुलीला दिला तोच पाठ दिला. आम्ही अर्धा तास थांबलो. नजर किंचित बाजूला ठेवली. आणि जेथे काळोखच होता असे आम्ही शपथेवर सांगितले असते, तेथे एक फिकट लांबट डाग हळूहळू उमटला. वहीत आम्ही पौषातील रात्रीची नोंद आधी भरली: "देवयानी. दिसली नाही." त्याखाली माघातील नोंद लिहिली.

त्यानंतर प्रवचनाच्या शेवटी "समजले ना?" असे विचारणे आम्ही सोडून दिले आहे. त्या प्रश्नाला सारे जण मान डोलावतात, आणि ते डोलावणे कसे असते हे आता आम्हांला ठाऊक झाले आहे. "काय समजले नाही?" असे विचारू लागलो तेव्हा पहिले काही रविवार कोणीच बोलले नाही. आता क्वचित कोणी दारापाशी थांबते.

फाल्गुनात त्या मुलाला आम्ही गच्चीवर नेले. नाताळात दिलेले उत्तर चुकीचे होते, हे त्याला प्रथम सांगितले. ईशान्येस सप्तर्षी वर आले होते. त्यांतील टोकाच्या दोन ताऱ्यांतून रेघ कशी लांबवावयाची ते दाखविले. आपले गाव विषुववृत्ताच्या सुमारे वीस अंश उत्तरेस आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सुमारे वीस अंश उंचीवर असतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर साधारण दोन मुठी. कारखान्यांच्या उजेडातही तो शोधता येतो. मुलाने मुठी मोजल्या आणि लगेच म्हणाला, "हो फादर, दिसला."

"खरेच दिसला?" आम्ही विचारले.

त्याने आमच्याकडे पाहिले, पुन्हा उत्तरेकडे पाहिले आणि थोड्या वेळाने म्हणाला, "थांबा. अजून नाही."

आम्ही थांबलो.