घास मोजण्याआधी



आपली कितीतरी मुले-मुली पहाटेची लोकल पकडून कॉलेजला जातात. दुपारी वडापाव, रात्री जागरणात वेफर्स. वजन वाढले की आपण सहज म्हणतो, "तोंडावर ताबा नाही." सहाव्या शतकात संत ग्रेगरी यांनी प्रमुख पापांत खादाडपणा धरला, हे खरे. पण जास्तीचा प्रत्येक घास खादाडपणाचाच असतो का?

ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि गोड, तेलकट खावेसे वाटते. परीक्षेची भीती, एकटेपणा, घरातली तुलना यांवर काही मुले खाण्याचा उतारा शोधतात. मग वजन वाढते, चेष्टा होते, मन आणखी खचते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. भीती, सवय किंवा मनाची अवस्था यांमुळे माणसाचा दोष कमी होऊ शकतो, असे ख्रिस्तसभाही शिकवते.

एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९). देवाने त्याला आधी झोपू दिले, दोनदा भाकर-पाणी दिले. जाब नंतर, होरेब डोंगरावर विचारला. तिथवर चाळीस दिवस मात्र एलियालाच चालावे लागले. संयम हवाच, पण तो टोमण्यांनी येत नाही.

म्हणून या आठवड्यात जेवताना आपण वजनाचा विषय काढू नये. "बाळा, बरा आहेस ना?" असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. दुःख खोल वाटले तर डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत मदत मिळते.