अश्वत्थाम्याचे सामान्यज्ञान

‘सामान्यज्ञान’ या जोडशब्दातल्या ज्ञानाविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला कोडे पडते ते ‘सामान्य’ या शब्दाचे. सामान्य म्हणजे सर्वांपाशी असणारे. मग जे सर्वांपाशीच आहे, त्याची परीक्षा कशाला घ्यायची? आणि त्या परीक्षेत जो गप्प बसतो, तो काय ‘सर्वां’च्या बाहेरचा समजायचा?

शाळामास्तराला हा प्रश्न टाळता येत नाही. आमचे खापर हे गाव नंदुरबार जिल्ह्यातले, अक्कलकुवा तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे. इथली कितीतरी मुले घरी भिली बोलतात, बाजारात अहिराणी आणि गुजराती ऐकतात, आणि वर्गात येऊन मराठीत उत्तरे देतात. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की सामान्यज्ञानाची पातळ पुस्तके हातोहात फिरू लागतात. मला ही पुस्तके आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. ग्रह, भाषा, शहरे, ग्रंथ आणि बोलपट एकाच पानावर कसे गुण्यागोविंदाने नांदत असतात! आठवड्याच्या बाजारात मिरचीशेजारी बांगड्या मांडाव्यात, तशी ती मजा असते.

पण या बाजारातला माल फार टिकाऊ असतो असे समजू नये. ग्रह नऊ, हे आम्ही घोकले होते. 2006 साली खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला पंक्तीतून उठवले. ‘नंदुरबार कोणत्या जिल्ह्यात?’ या प्रश्नाला ‘धुळे’ या उत्तराचा पुरा गुण मिळे. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हाच जिल्हा झाला आणि ते उत्तर चुकले.

शिवाय उत्तर मिळाले की विचार थांबतो, हे आणखी एक. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे केव्हा आला? 3 मे 1913 रोजी, मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात. शाबास, एक गुण! परंतु त्यातली तारामती कोणी केली, हे कोणी विचारीत नाही. ती केली अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या पुरुषाने. कारण पडद्यावर यायला दादासाहेब फाळक्यांना एकही स्त्री मिळाली नाही. तारखेने गुण मिळतो. त्या काळचा समाज दिसतो तो या ‘कारण’ शब्दापुढे.

आणि आमच्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी? त्यांच्यावरचा प्रश्न हमखास येतो. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात तिने रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि ती गेल्यावर, 1952 साली, पुस्तकरूपाने आली. जिच्याविषयीच्या प्रश्नाला आज गुण मिळतो, तिला ती प्रश्नपत्रिका वाचतादेखील आली नसती!

एवढ्यावरून कोणी म्हणेल, ‘मग सातपुड्यातल्या पोरांना ही घोकंपट्टी हवीच कशाला? त्यांना रानातले झाड न् झाड ठाऊक आहे, तेवढे पुरे.’ हे बोलणे कानाला गोड लागते, पण मला ते पटत नाही. आमच्याच तालुक्यातली मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. ज्या खातेदार कुटुंबाची पाव हिश्श्याहून अधिक जमीन बुडेल, त्याला किमान 2 हेक्टर जमीन द्यावी, असे नर्मदा लवादाने 1979 सालीच ठरवले होते. दोन हेक्टर म्हणजे किती, लवाद म्हणजे काय, निवाडा कोठे वाचायचा, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यापाशी रानाची कितीही ओळख असली तरी कचेरीच्या दारात तो मुकाच उभा राहणार. माहिती ही गरिबाच्या हातची काठी आहे; ती त्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार कौतुक करणाऱ्यांनाही नाही.

तेव्हा दोष माहितीचा नव्हे. मग कशाचा? याचे उत्तर दिवाळीच्या दिवसांतच आमच्या जिल्ह्यात सापडते. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखरावर यात्रा भरते. तो अश्वत्थाम्याचा डोंगर. कपाळावरच्या जखमेला तेल मागत तो चिरंजीव अजून या रानात फिरतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. महाभारतात अर्जुनानेही अस्त्र सोडले आणि अश्वत्थाम्यानेही. पण अर्जुनाला ते परत घेता आले, अश्वत्थाम्याला आले नाही. शेवटी त्याने ते गर्भावर सोडले.

पाठ केलेले उत्तर हेही असेच अस्त्र आहे. हुशार मुलगा पटकन उत्तर देतो आणि मागच्या बाकाकडे वळून म्हणतो, “एवढंही येत नाही?” त्यातला तो ‘एवढंही’ परत घेता येत नाही. तो गप्प मुलावर पडत नाही. त्याच्या पोटातल्या, अजून न जन्मलेल्या प्रश्नावर पडतो. एकदा ‘अडाणी’ ठरलेले मूल पुढे काही विचारीतच नाही.

म्हणून मी वर्गात एक नियम ठेवला आहे. ज्याला उत्तर येते, त्याने ते सांगावे. मग ज्याला आले नाही, त्याने त्याला एक प्रश्न घालावा. मोहाची फुले दिवसा गळतात की रात्री? चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर पुरणपोळी टाकतात, तेच खापर दुसऱ्याच्या माथी का फोडतात, आणि पणजोबाच्या बापाच्या नावाआधी कसे येऊन बसते? पहिला नंबरवाला डोके खाजवू लागतो. त्याचे काही बिघडत नाही. उलट दोघांचीही माहिती वाढते, आणि ‘सामान्य’ या शब्दाला थोडा अर्थ येतो.

फराळानंतर तुमच्या घरीही मुले कोडी घालतील, राजधान्या विचारतील. विचारू द्यावीत. मात्र एक पाळी आजीची ठेवावी, आणि एक घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईची. उत्तर देण्याची नव्हे, प्रश्न विचारण्याची.