उतरवून घ्यावं असं बोलणं

खानदेशानं मराठीला दिलेली दोन पुस्तकं त्यांच्या कर्त्यांनी हातानं लिहिलेली नाहीत. ती आधी बोलली गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे अठरा रविवार. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. आसोद्याच्या लेकीला, जळगावच्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. घरात, शेतात काम करता करता ओव्या ओठांवर येत. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं.

आज दिवसभर आपण जे बोलू, त्यातलं उतरवून घेण्याजोगं किती असेल?

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं हवं. हे सगळं एकदम जमवणं अवघड. आपण खरं बोलायचं म्हणून टोचतो, नाहीतर गोड बोलायचं म्हणून खरं गिळतो. रावेर-यावलकडे केळी घ्यायला आलेला व्यापारी ‘माल टाकाऊ आहे’ म्हणून मोकळा होतो, आणि शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत त्या एका शब्दात मोडीत निघते. ‘आप्पा, घडांवर डाग आहेत, या भावात बसत नाही,’ असं म्हटलं तरी भाव तोच राहतो. पण बोलणं डागांबद्दल होतं, आणि डाग कशानं पडले हे आप्पांना विचारता येतं. घरात गणितात मागे पडलेल्या पोराला ‘तुला डोकंच नाही’ म्हटलं की विषय संपला. ‘अपूर्णांक कच्चे राहिलेत, संध्याकाळी बसू,’ म्हटलं तर त्याच्या हाती करण्यासारखं काही राहतं. हिताचं बोलणं मी यालाच म्हणेन.

वाणीच्या त्याच तपात स्वाध्यायही सांगितला आहे, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. रागाच्या भरात चांगला शब्द शोधून सापडत नाही, सवयीचाच तोंडात येतो. तेव्हा सवय आधीच लागलेली हवी. त्यासाठी पुस्तकच लागतं असंही नाही. बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण समोरचं त्यांनी मन लावून पाहिलं होतं. सुगरणीच्या खोप्याकडे त्यांनी जितकं निरखून पाहिलं, तितकं आपण पोराच्या उत्तरपत्रिकेकडे पाहिलं, तर अपूर्णांक कुठे अडले ते दिसेल.