पेशींना वाट

एका प्रयोगशाळेत एक विद्यार्थी हाडातली पोकळी भरून काढणारा कृत्रिम तुकडा बनवत होता. हाडाच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश खनिज असते, मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटच्या जातीचे. त्याने त्याचीच पूड घट्ट दाबून 1200 अंश सेल्सिअसला भाजली. वडी चांगलीच टणक झाली. यंत्राखाली तिने भरपूर भार पेलला. तो आनंदाने मॅडमकडे धावला.

मॅडमनी वडीवर निळ्या पाण्याचा थेंब सोडला. थेंब वरच पसरला, आत गेला नाही.

“अरे, जिथे पाणी शिरत नाही तिथे पेशी कुठून शिरणार? नुसती शिरून भागत नाही. रक्तवाहिनी साधारण 200 मायक्रॉनच्या आत नसेल, तर पेशीला प्राणवायू पुरत नाही. तू वडीचा विचार केलास, तिथे वाढणाऱ्या हाडाचा केला नाहीस. आधार देणाऱ्यानं दुसऱ्याला वाढायला जागा ठेवावी.”

विद्यार्थी पुन्हा कामाला लागला. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान त्याने सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवले, त्यात खनिजाची पूड कालवली आणि मिश्रण सावकाश गोठवले. बर्फाचे स्फटिक वाढताना बाकी सारे बाजूला रेटतात. मग निर्वातात वाळवले, की बर्फ न वितळताच वाफ होऊन निघून जातो आणि त्याच्या जागी एकमेकांना जोडलेली छिद्रे उरतात. सगळ्या खटाटोपातली हीच पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. वाट पाडायला सुई लागत नाही, पाणीच पाडून जाते. उरलेले आम्ल त्याने सौम्य अल्कलीने घालवले.

या वेळी थेंब टेकताच आत मुरला.

“पण मॅडम, हा पहिल्याच्या मानानं फारच कमी भार पेलतो.”

“नवं हाड भरेपर्यंत शेजारी बसवलेली धातूची पट्टी भार सांभाळेल. खरी ताकद ते हाडच आणेल. कायटोसानला शरीरातलं लायसोझाइम हे विकर हळूहळू तोडतं. हाड तयार होण्याआधीच कायटोसान संपलं तर आधार गेला, आणि रेंगाळलं तर हाडाची जागा अडली. तेव्हा तुकडा किती भार पेलतो हे जसं मोजतोस, तसंच तो कधी जातो हेही मोज.”

त्याने वहीत भाराच्या शेजारी नवा रकाना आखला: 37 अंशांवरच्या लायसोझाइमच्या द्रावणात तुकड्याचे दर आठवड्याला घटणारे वजन.