गीता २.२२ : पळसनाथाचं जुनं देऊळ



आज दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक. बहुतेकांना पाठ असेल, निदान शाळेतल्या गीतापठण स्पर्धेच्या कृपेने. अर्थ सोपा आहे. माणूस जीर्ण कपडे टाकून नवे घालतो, तसा देहात राहणारा जुना देह सोडून नव्यात जातो. अडचण एवढीच की हा श्लोक आपण ऐकतो तो कुणाच्या तरी दहाव्याला, नाहीतर श्रद्धांजलीच्या बॅनरवर वाचतो. इतक्यांदा ऐकलाय की कानावरून घसरून जातो. म्हणून आज तो घेऊन उजनीच्या पाण्यावर जाऊया.

पुणे–सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे पडलं की इंदापूरच्या अलीकडे पळसदेव लागतं. हायवेलगत आहे ते नवं गाव. जुनं गाव भीमेच्या काठाला होतं, पळसनाथाच्या देवळापाशी. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याने जी गावं घेतली त्यात हेही गेलं. उठताना गावकऱ्यांनी पिंड सोबत आणली आणि नव्या गावात देऊळ बांधून तिथे बसवली. जुनं देऊळ जागेवरच राहिलं. खाली दगड, वर विटांचं शिखर, आवारात वीरगळ. चाळीसहून जास्त वर्षं ते पाण्यात उभं आहे. पाणी फारच उतरलं की आधी शिखर वर येतं, मग सभामंडप, आणि एखाद्या वाईट वर्षी सगळं आवार मोकळं होतं.

वाईट वर्ष म्हणजे काय, ते उजनीच्या हिशोबात बघा. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याला नेहमीसारखं न मिळणारं तळाचं पाणी. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे रिकामं नव्हे; शून्याच्या खाली उणे सुरू होतं. बारामती–इंदापूरकडे लोक शेअरबाजारासारखं विचारतात, ‘उजनी प्लसमध्ये आलं का?’ २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. देऊळ दिसतं ते अशा मायनसमध्ये.

त्या उन्हाळ्यात ऑफिसातले आम्ही चौघं तिथे फोटो काढायला गेलो. एका मासेमार दादांच्या होडीतून निघालो आणि शेवटचा पट्टा गाळातून चालत गेलो. मंडळी, जागा विलक्षण आहे, हे मान्यच करायला हवं. उतरत्या पाण्याने काठावर पायऱ्यांसारख्या रेघा ओढलेल्या. गाळाला पडलेल्या भेगांत अख्खा पाय जावा. आणि त्या गाळातून नदीकडे वाहणाऱ्या ओघळांनी घळी कापलेल्या, गुडघाभर, कुठे कमरेएवढ्या. फोन गाळाला टेकवून वाइड लेन्स लावली आणि फ्रेममध्ये माणूस येऊ दिला नाही, तर संध्याकाळच्या उन्हात त्या कमरेएवढ्या घळीची हजार फुटी दरी होते. आमच्यातला एक जण अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर राफ्टिंग करून आलेला. तो म्हणाला, ‘अरे, हे तर आपलं कॅन्यन!’

तो म्हणाला गमतीत, पण साम्य खरंच आहे. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन नावाची वाळवंटी दरी होती. एलियट पोर्टर नावाचा छायाचित्रकार धरण व्हायच्या आधी नावेतून त्या दरीत फिरला आणि त्याने तिचे रंगीत फोटो काढले. १९६३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. नावाचा अर्थ साधारण ‘कुणालाच माहीत नसलेली जागा’ असा. त्याच वर्षी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि दरी लेक पॉवेलच्या पाण्याखाली जायला लागली. त्या दरीच्या एका फाट्यात उंच कातळांची एक जागा आहे, तिला लोक ‘वाळवंटातलं कॅथेड्रल’ म्हणतात. म्हणजे तिथेही देऊळच! २०२१–२२ च्या दुष्काळात लेक पॉवेल उतरलं तशी ती जागा पुन्हा उघडी पडली, आणि लोक बोटीने जाऊन फोटो काढू लागले. पोर्टरने फोटो काढले कारण जागा जाणार होती. आम्ही काढले कारण पाणी गेलं होतं. यातला फरक मला नीट कळला तो आजीपुढे.

माझी आजी, म्हणजे आईची आई, लग्न होऊन आली ती जुन्या पळसदेवात. गाव उठलं तेव्हा दोन लेकरं आणि एक म्हैस घेऊन ती वर आली. आता मामांकडे असते, नव्या गावात. त्या दिवशी देवळावरून थेट तिच्याकडे गेलो. मामांच्या मनात एक गोष्ट घोळत होती. देऊळ इतकं मोकळं झालंय, तर जुन्या गाभाऱ्यात रुद्राभिषेक करावा, वडिलांच्या नावाने. बाहेरून आलेले काही जण तिथे दूध-पाणी वाहत होतेच. मामा मला म्हणाले, ‘तू रोज गीता वाचतोस, तूच सांग.’ मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, ‘देव हाय का तिथं? देव तवाच आणला न्हवं आपण.’

मामा म्हणाले, ‘आई, जागा तर तीच आहे ना?’

‘मढ्याला आंघूळ एकदाच घालत्यात, बाळा. नमस्कार करायचा आन यायचं.’

मामा गप्प झाले. वडिलांसाठी काहीतरी करावं असं वाटलेल्या मुलाला हे ऐकायला सोपं नव्हतं. मलाही ते शब्द कठोर वाटले. पण बाविसावा श्लोक नेमका हेच बोलतो आणि तोही कठोरच आहे. अर्जुनासमोर भीष्म आहेत, द्रोण आहेत, त्याचे हात कापताहेत आणि देव त्याला कपड्यांची गोष्ट सांगतोय. आपल्याला वाटतं, किती थंडपणे! पण अर्जुनाची नजर वस्त्रावर खिळलीये आणि देव त्याला वस्त्र घालणारा दाखवतोय. पुढच्याच श्लोकात तो सांगतो की या आतल्याला पाणी भिजवू शकत नाही आणि वारा वाळवू शकत नाही. उजनी त्या देवळाला दरवर्षी भिजवतं आणि उन्हाळा ते वाळवतो. दोन्ही त्या दगड-विटांचं होतं. पिंड कधीच हायवेकडेला आलीये, रोज तिच्यावर पाणी पडतंय.

आमच्या धंद्यातलं सांगायचं तर मायग्रेशन झालंय. सगळी सिस्टिम नव्या सर्व्हरवर गेली, जुना डबा कोपऱ्यात आहे, आणि कुणीतरी अजून जुन्याच पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवतंय. (उपमा इथेच सोडतो, नाहीतर देवळाचं डॉक्युमेंटेशन कुठे आहे विचाराल.)

मग आजीला फोटो दाखवले. सोनेरी उजेडातलं शिखर, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, ती ‘कॅन्यन’. तिने बोटाने भराभर पुढे सरकवले. ‘ह्ये ऱ्हाऊ दे. आपलं जोतं कुठाय?’ एका फोटोत मागे दगडांची एक रांग आली होती, चुकून आल्यासारखी. तिथे तिने फोन डोळ्यांजवळ धरला. ‘ही आपली न्हाई. ही आळीतली असंल. आपली अजून खाली.’ मग एकदम म्हणाली, ‘लई पाणी गेलंय की रं. बोअर चालतंय का?’ हा प्रश्न मामांना होता. मामांचं बोअर तासभर चालून बंद पडत होतं. गावाच्या उशाला समुद्राएवढं धरण आणि घरात पाण्याची ही गत. आजी उठली, देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, ‘पांडुरंगा, बुडू दे आता परत.’

तीच गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवायची होती. स्वतःच्या गावाचं देऊळ बुडावं म्हणून ही बाई प्रार्थना करते. आईने नंतर सांगितलं की दर आषाढात ती मामांना विचारते, ‘शिखर गेलं का पाण्यात?’ गेलं म्हटलं की तिला झोप लागते. ती त्या गावावर प्रेम करत नाही असं कुणी म्हणेल का? जोत्याचे दगड ती ओळखू बघत होती! पण ते दिसावेत म्हणून किती विहिरी कोरड्या पडाव्या लागतात, हे तिला माहीत आहे. आमच्या फोटोला त्या दिवशी शेकड्याने लाइक आले आणि खाली कमेंट होती, ‘दरवर्षी असं दिसायला हवं यार.’ लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला फ्रेमच्या बाहेरचं माहीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग जुनं विसरायचंच का? मला नाही वाटत. श्लोकात वस्त्र टाकण्याची गोष्ट आहे, पण वस्त्राचा राग त्यात कुठेही नाही. शिवाय आपल्या घरांत जुनं वस्त्र टाकून कुठे देतात? आजीच्या विटलेल्या लुगड्यांची गोधडी माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आहे. हिवाळ्यात मी तीच घेतो. तिचं परत लुगडं करून कुणी नेसत नाही, एवढंच. जुन्या देवळाचा फोटो गोधडीसारखा असू द्यावा. पांघरायला आहे, नेसायला नाही. आजी ‘नमस्कार करून यायचं’ म्हणाली होती, ‘जाऊ नका’ म्हणाली नव्हती.

आणि देव जागा बदलतो यात नवीन तरी काय आहे? विठोबाची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपूरला परत आणली, असं परंपरा सांगते. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून, बेलवाडीच्या रिंगणावरून, इंदापूर करत सराटीला जाते, तिथे पादुकांना नीरास्नान घडतं. आपला संप्रदाय चालणारा आहे. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात, तेच पुढे चंद्रभागेला मिळतं. पळसनाथाच्या जुन्या गाभाऱ्यातून फिरलेलं पाणी वाळवंटात कुणाच्या तरी डोक्यावर पडत असेल, हा विचार मला फार आवडतो.

पुढच्या एखाद्या उन्हाळ्यात जाणार असाल तर दोन गोष्टी. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि आभाळ भरून आलं तर फोटो सोडा. २१ मे २०२४ ला याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते फिरायला आलेले नव्हते. काठावरच्या गावांची ती जाण्यायेण्याची वाट आहे. दुसरं म्हणजे, जुन्या देवळाहून परतताना नव्या गावातल्या देवळात थांबा. पिंड तिथे आहे. आम्ही गेलो तेव्हा जुन्या देवळाकडे गाड्यांची रांग होती आणि इथे आम्ही चौघं आणि पुजारी.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरलं. मामांनी वडिलांच्या नावाचा अभिषेक श्रावणी सोमवारी केला, नव्या देवळात. आजी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून होती. संकल्पात गावाचं नाव आलं तेव्हा तिने पुजाऱ्यांना थांबवून विचारलं, ‘पळसदेवच म्हनला न्हवं?’

उद्या तेविसावा श्लोक. राम कृष्ण हरी.